लाल साबणाची अर्धी वडी

“संघप्रिया, हात!”

शिटी नंतर वाजली. आधी गिरिजा बाईंचा आवाज आला, आणि मैदानावरच्या सगळ्या मुली जागच्या जागी ताठ राहूनही डोळ्यांनी तिच्याकडे वळल्या. संघप्रियाला क्षणभर कळलंच नाही की कुठला हात. सावधानमध्ये हात कसा, तर मांडीला चिकटलेला, मूठ मिटलेली, अंगठा पुढे. डावा तसाच होता, बिचारा आज्ञाधारक. उजवा मात्र केव्हाच निसटून पाठीमागे गेला होता आणि पांढऱ्या कुर्त्याचं टोक चिमटीत धरून खेचत होता, जसा काही तो तिचा नव्हताच, शेजारच्या घरातलं कुणी द्वाड कार्टं होतं. तिनं तो झटक्यात पुढे आणला. “परेड कमांडरच अशी वळवळायला लागली तर मागच्यांनी काय फुगडी घालायची?” गिरिजा बाई म्हणाल्या आणि मुली खुदखुदल्या. “आता परत हललीस ना, तर सव्वीस जानेवारीला पुढे इशिता उभी राहील. काय गं इशिता, हुकूम पाठ आहेत ना?” “हो बाई,” मागून इशिताचा आवाज आला. घाई नाही, आनंद नाही, नुसता ‘हो बाई’, ताटात वाढलेलं कुणी सहज उचलावं तसा. संघप्रियाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. मिठागरांवरून येणारा वारा गार होता, खारट होता, आणि त्या वाऱ्यात उभं राहून तिला वाटलं की हे ‘हो बाई’ आपल्याला जन्मात जमणार नाही.

कारण इशिता उभी कशी राहते, तर नुसती उभी राहते. त्यासाठी तिला काही करावं लागत नाही. बाकीच्यांचं अंग हे हात, पाय, मान, पोट असं सुटं सुटं असतं आणि सावधान म्हटलं की ते सगळं गोळा करावं लागतं. इशिताचं आधीच एका ठिकाणी असतं. वर्गात बाकावर बसली की बसली. तासच्या तास. मराठीचा तास संपून गणिताचा सुरू होतो, गणिताच्या बाई येतात, जातात, इशिता तिथंच, वेणीचं टोक चघळत, अगदी देवीसारखी. आणि संघप्रिया? ती आधी डाव्या कुल्ल्यावर बसायची, मग उजव्या, मग एक पाय खाली दुमडून टाचेवर, मग पेन्सिल पाडायची आणि उचलायला वाकायची, मग “बाई, जाऊ?” म्हणून करंगळी वर करायची. गेल्या महिन्यात तिनं इतक्या वेळा करंगळी वर केली की मागच्या बाकावरच्या पोरींनी तिचं नाव ‘टाकी’ ठेवलं. तिनं ते हसून घेतलं. हसून घेण्यात ती पटाईत होती. आठवीपर्यंत गप्प असायची ती. नववीत कसं कुणास ठाऊक, तोंड उघडलं आणि आवाज सापडला. असा मोठा, असा खणखणीत, की गिरिजा बाईच म्हणाल्या होत्या, ही इथं गोडदेवात ओरडली तर पलीकडच्या खारी गावातल्या कोंबड्या उठतील. त्याच आवाजावर तिला कमांडर केलं होतं. सगळ्या शाळेतून. इशितालाही मागे टाकून. ते नाव फळ्यावर वाचलं तेव्हा तिला वाटलं होतं, आपण उंच झालोय, म्हणजे खरोखर, इंचांनी. आणि आता हे. खाज. कुणाला सांगावी अशीही नाही. हाताला असती, पाठीला असती तर मजेत सांगितलं असतं, इशितालाच म्हटलं असतं, ए जरा खाजव. पण ही अशा जागी सुटायची की त्या जागेला तिच्या घरात नावच नव्हतं. आई ‘तिथं’ म्हणायची, तेही भिंतीकडे बघून.

दिवाळीनंतर कधीतरी सुरू झाली होती. आधी नुसती गुदगुली, मग मुंगी, मग मुंग्यांची रांग, आणि हल्ली तर संध्याकाळी पुस्तक घेऊन बसलं की तिथं कुणी तिखटाची चिमूट सोडल्यासारखं व्हायचं. खाजवलं की अर्धं मिनिट इतकं बरं वाटायचं, इतकं बरं, की डोळे मिटायचे. आणि मग दुप्पट. या खाजेनं तिला एक नवीच नजर दिली होती. ती आता माणसांची तोंडं बघायची नाही, बसणं बघायची. केबिन रोडवरून जाताना कापडाच्या दुकानातला शेठ गादीवर मांडी घालून बसलेला दिसायचा, सकाळी तसा, संध्याकाळी तसाच, आणि तिला वाटायचं, काय नशीब आहे! भाजीवाली पाटीमागे उकिडवी, रिक्षावाला सीटवर एक पाय वर घेऊन, तिकिटाच्या खिडकीतला माणूस. सगळे बसले होते. बिनघोर. आपल्याला बसता येतं हे त्यांच्या गावीही नव्हतं. तिला त्या सगळ्यांचा राग यायचा. पण तो राग फिरून फिरून शेवटी इशितापाशीच येऊन थांबायचा, जसं घरी जाताना पाय आपोआप आपल्या गल्लीत वळतात.

आईनं ओळखलं होतं, पण आईच्या पद्धतीनं. “जंत झाल्येत तुला,” इंदूबाई म्हणाली आणि तिनं औषधाच्या बाटल्या आणल्या. एकट्या तिला देऊन भागत नाही, घरात सगळ्यांनीच घ्यायचं असतं, असं मेडिकलवाल्या बबननं सांगितलं म्हणून रविवारी सकाळी सगळं घर ओळीनं उभं राहिलं. बाबा, म्हणजे कोंडिराम, पोस्टात टपाल निवडणारे सॉर्टर होते; त्यांनी नाक दाबून चमचा तोंडात घेतला आणि म्हणाले, “तुझ्या पोटातल्या पाहुण्यांचा खर्च आमच्या पोटाला.” चादरी उकळल्या, नखं कापली. पंधरवड्यानं परत एकदा ओळ लागली. खाज गेली नाही. मग बबननं एक ट्यूब दिली, नायट्यावरची. पहिले काही दिवस स्वर्ग! संघप्रिया इशिताच्या शेजारी तासभर बसली आणि मनातल्या मनात तिला म्हणाली, बघ. पण ट्यूब संपत आली तशी कातडी अशी काही पेटली की चालतानासुद्धा शिवण टोचायला लागली. तेव्हा आई म्हणाली, “घासत न्हाईस तू नीट. दुसरं काय.” आणि तिनं लाल साबणाची वडी सुरीनं मधोमध कापली, अर्धी कपड्यांना ठेवली, अर्धी वेगळ्या डबीत घालून न्हाणीघराच्या कोनाड्यात ठेवली. “ही तिथली. सकाळी, शाळेतून आल्यावर, रात्री. आन् जाऊन आलीस की दर खेपेला.” शिवाय बादलीत ते औषध, ज्याचं झाकणभर टाकलं की पाणी दुधासारखं होतं आणि घराचा दवाखाना होतो. संघप्रियानं घासलं. मनापासून घासलं. इमारतीला बोअरिंगचं पाणी होतं, खारं, त्यात साबणाला फेस म्हणून येत नसे, मग आणखी लावा, मग ते निघत नसे, कातडीवर बुळबुळीत राही, मग आणखी चोळा. बाहेर आली की अंगाला वास यायचा तो बाईचा नाही, मुलीचा नाही, फरशीचा.

आईला साबणाबद्दल काही बोलायची सोय नव्हती. परभणीकडच्या त्यांच्या गावात आई लहान असताना शाळा तपासायला साहेब येणार होते आणि स्वागताचं गाणं इंदूनं म्हणायचं ठरलं होतं, गळा होता म्हणून. आदल्या दिवशी मास्तरीणबाईंनी सगळ्यांदेखत तिची मान वाकवली, कानामागे नाक नेलं, हुंगलं, आणि मास्तरांना म्हणाल्या, हिला मागं बसवा. इंदू त्या दिवशी न्हाऊनच आली होती. तरी ती नदीवर गेली आणि विटेच्या तुकड्यानं मान अशी घासली की रक्त आलं. दुसऱ्या दिवशी गाणं दुसऱ्याच मुलीनं म्हटलं. ही गोष्ट आई रडून सांगत नसे, पीठ चाळताना सांगत असे, चाळणीच्या ठेक्यावर. आणि शेवटी म्हणे, “आपल्याला लोकं आधी नाकानं बघत्यात, मग डोळ्यानं. ध्यानात ठेव.” म्हणून त्यांच्या घराची फरशी इमारतीत सगळ्यांत जास्त चकचकीत होती. म्हणून पौर्णिमेला विहारात जाताना आईच्या पांढऱ्या लुगड्याला असली नीळ असायची की डोळे दिपायचे. म्हणून संघप्रियाच्या शाळेच्या मोज्यांचे तळवेसुद्धा पांढरे होते, आणि तळवे कोण बघतं? “कुणी बघितलं तर?” आई म्हणायची.

इशिताचे मोजे! त्या दिवशी सराव संपल्यावर, जणू काही झालंच नाही अशा थाटात, इशितानं तिच्या खांद्यावर हात टाकला. “संघू, चल ना घरी. आईनं पोहे केलेत.” नाही म्हणायचं ठरवून संघप्रिया गेली. जायचंच होतं तिला. जिथं दुखतं तिथं बोट लावून बघायची तिला सवयच लागली होती. केबिन रोडवर दुसऱ्या मजल्याला त्यांचं घर, दादरहून आलेली माणसं, दारावर पितळी अक्षरांत नाव. इशितानं बूट एक इकडे, एक तिकडे उडवले. मोजे काढले, उलटे, राखाडी झालेले, तळव्यांना मातीचे गोल, आणि ते सोफ्यावरच ठेवून दिले. वाटेत तिनं गल्लीतल्या खरजुल्या कुत्र्याला गोंजारलं होतं. त्याच हातानं तिनं पोह्यांत बोटं घातली. लिंबाची बी दातांत आली ती काढून गादीच्या कडेला चिकटवली. संघप्रियाला आईचा आवाज ऐकू येत होता, अख्खाच्या अख्खा. आणि मृणालिनीकाकू, इशिताची आई, स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आल्या, त्यांनी ते सगळं बघितलं आणि काय म्हणाल्या? “शी, घाणेरडी कुठली!” एवढंच. आणि हसल्या. आणि त्याच मुलीच्या डोक्यावर टपली मारून तिच्या केसांत नाक खुपसून म्हणाल्या, “वास मारतोय गं डोक्याला, उद्या न्हायचंय.” इशिता म्हणाली, “परवा.” “बरं, परवा.” संघप्रियानं हातातली बशी खाली ठेवली.

घाणेरडी. हा शब्द तिच्या घरी कधीच कुणी उच्चारला नव्हता. बाबा चिडले की काहीही बोलायचे, गाढव, म्हैस, डोक्यात भुसा. आई तर शिव्यांची गिरणी होती. पण हा शब्द नाही. काही घरांत सापाचं नाव घेत नाहीत तसा. आणि इथं तो लाडानं मिळत होता! पोह्यांवरच्या खोबऱ्यासारखा, फुकट, भुरभुरून. संघप्रिया सोफ्याच्या टोकाला बसली होती, डाव्यावरून उजव्यावर, आणि तिथं खाली आग लागली होती, आणि तिला एकदम कळलं की आपल्याला इशिताचं उभं राहणं नकोय, बसणंही नकोय, तिचा दुसरा मजलाही नकोय. आपल्याला तिचे मोजे हवेत. ते घाण मोजे सोफ्यावर टाकायचे आणि कुणी काही म्हणायचं नाही. आपण पाण्याखाली दिवसातून इतक्या वेळा जातो, फरशीसारख्या वास मारतो, आणि आपल्यालाच सुटते. ही उद्या नाही परवा न्हाणार आणि हिला काही नाही. हा कुठला न्याय? तिला इतका हेवा वाटला की डोळ्यांत पाणी आलं. “तिखट लागलं का गं?” काकूंनी विचारलं. “हो,” ती म्हणाली. “खूप.”

तिथून ती सरळ घरी गेली नाही. बाबांच्या खोकल्याचं लाल औषध संपलं होतं, रिकामी बाटली दप्तरातच होती. गोडदेवच्या नाक्यावर हंसाबेन डॉक्टरांच्या दवाखान्यात ती भरून घ्यायची होती. हंसाबेन म्हणजे मोठं कुंकू, मोठा चष्मा आणि त्याहून मोठा आवाज. बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवून त्यांनी ती पुढे सरकवली, तेव्हा संघप्रियानं बाटली घेतली पण ती उठली नाही. मग तिनं मनातल्या मनात स्वतःलाच हुकूम दिला, परेडला देतात तसा, आणि तोंड उघडलं. “मला खाज सुटते. मागे. जिथून… तिथं.” भिंतीकडे न बघता म्हणाली ती, हे तिचं तिलाच खरं वाटेना. हंसाबेनचं कुंकू जरासुद्धा हललं नाही. “क्यारथी? कधीपासून बेटा?” दिवाळीपासून. जंताचं औषध? घेतलं, सगळ्यांनी, दोनदा. रक्त येतं? नाही. शौचाला त्रास? नाही. “आणि धुतेस कशानं?” तेव्हा संघप्रियाचा चेहरा उजळला, हा एकच प्रश्न असा होता की ज्याचं उत्तर तिला अभिमानानं देता येत होतं. तिनं सगळं सांगितलं. अर्धी वडी, डबी, दुधासारखं पाणी, दर खेपेला. हंसाबेननी चष्मा काढला.

“अरे, ती काय तपेली छे? चामडी छे, बेटा, चामडी! तपेली घासल्यासारखी घासते, मग ती रडणार नाय तर काय करणार?” मग त्या मान पुढे करून हळू, म्हणजे त्यांच्या मानानं हळू, बोलायला लागल्या. जंत असतील-नसतील ते गेले. आता जे आहे ते साबणानं केलेलं आहे. चामडीला स्वतःचं थोडं तेल असतं, ते सगळं धुऊन काढलं की ती कोरडी होते, बारीक बारीक फाटते, मग चुरचुरते, मग खाजवतेस, मग आणखी फाटते. वरून खारं पाणी. वरून ती नायट्याची ट्यूब, ती तर फेकूनच दे, अशी कुणी सांगितली म्हणून लावायची नसते. “साबण बंद. औषध पाण्यात टाकायचं बंद. नुसतं साधं पाणी, प्यायचं पाणी असेल तर एक तांब्या ते. मग मऊ सुती कपड्यानं दाबून दाबून कोरडं करायचं. पुसायचं नाय, दाबायचं. आतले कपडे सुती, नायलॉन नाय. चहा किती पिते? ठेचा खाते?” संघप्रियानं दोन्हींना मान डोलावली. “थोडं कमी कर. ही झिंकची पांढरी मलम, पातळ लावायची. आणि सुटली की खाजवायचं नाय. तिथं थंड पाण्याचा कपडा दाबून ठेव, जाईल. एकदम नाय जाणार हां, हळूहळू. दोन-तीन आठवड्यांत फरक नाय पडला तर मम्मीला घेऊन ये, मी तपासून बघेन.” आणि मग पुढच्या पेशंटला हाक मारता मारता, अगदी सहज, “जास्त स्वच्छता पण एक बीमारी छे.”

हे वाक्य घरी न्यायचं कसं? बाटली नेता येते. तरी तिनं नेलं. आई फरशी पुसत होती, ऐकता ऐकता हात थांबला. “साबण बंद?” “फक्त तिथं, आई.” “म्हंजी आपण घाण राह्यचं व्हय?” “घाण नाही गं, नुसतं पाणी…” “तिचं काय जातंय? तिला कोण हुंगणार हाय? तू सगळ्या शाळंच्या म्होरं उभी राहणार, साहेब येणार, आन् साबण बंद म्हणं! कामून गेलतीस तू तिला सांगायला? अशी गोष्ट बाहेर सांगत्यात?” फडकं बादलीत असं आपटलं की पाणी संघप्रियाच्या पांढऱ्या मोज्यांवर उडालं, आणि दुसऱ्याच क्षणी आईनंच वाकून ते मोजे काढायला लावले आणि धुवायला टाकले.

मग संघप्रियानं चोरी केली. आयुष्यातली पहिली. न्हाणीघरात गेली की डबी उघडायची, वडी पाण्याखाली धरायची, ओली करायची आणि परत ठेवायची. दाराबाहेर आई उभी असे. “लावला?” “लावला.” खोटं बोलताना आवाज बारीक होत नसे तिचा, उलट मोठा होई. माठातल्या पाण्याचा एक तांब्या ती तोंड धुवायच्या नावाखाली आत न्यायची; बाबांच्या जुन्या बनियनचा मऊ तुकडा परकराखाली लपवून. दाबून, पुसायचं नाही. पहिले दिवस वाईट होते. साबणाशिवाय तिला आपण उघडे असल्यासारखं वाटे. वर्गात कुणी नाक ओढलं की वाटे, आपलाच वास आला असणार. सर्दी झालेल्या मुलीच्या शेजारी ती बसेनाशी झाली. खाज होतीच. पण ती आता ओळखीची होत चालली होती. येतेय, येतेय म्हणता यायची, आणि हात लावला नाही तर थोडा वेळ दारात घुटमळून निघूनही जायची. एके दिवशी भूगोलाचा तास संपला आणि घंटा झाली तेव्हा संघप्रियाच्या लक्षात आलं की आपण बसलोय. नुसत्या. डाव्याही नाही आणि उजव्याही नाही, मधोमध. ती इतकी हरखली की शेजारी इशिताला चिमटा काढला. “आई गं! वेडी आहेस का?” “हो,” ती म्हणाली. त्याच संध्याकाळी तिनं आईला न्हाणीघरात पाहिलं. आईनं डबी उघडली होती, वडी हातात घेतली होती, तिच्या कोऱ्या, न झिजलेल्या कडा अंगठ्यानं चाचपत होती. मग तिनं ती डबीत ठेवली, झाकण लावलं आणि ओट्याशी उभी राहून कणीक मळायला लागली. रागावली असती तर बरं झालं असतं.

सव्वीस जानेवारीला मैदानावर चुन्याच्या रेघा होत्या. पाहुणे उशिरा आले आणि आले ते बोलत राहिले. झेंडा वर, ऊन वर, पाहुण्यांचा आवाज वर, आणि संघप्रिया सगळ्यांच्या पुढे, एकटी, सावधान. तिच्या मागे मुलींच्या रांगा होत्या, पहिल्या रांगेत, बरोबर तिच्या पाठीवर डोळे ठेवून, इशिता. आणि अर्थातच, खाज आली. घाम उतरला आणि आली. आधी मुंगी. संघप्रियानं समोर पालकांच्या गर्दीत पाहिलं. आई तिथं होती, निळीच्या लुगड्यात, पदर दोन्ही खांद्यांवरून, श्वास धरल्यासारखी. आता मुंग्यांची रांग. पाहुणे म्हणाले, आजची मुलगी उद्याची. ये, संघप्रिया मनात म्हणाली, ये, बस, मी काही तुला हात लावत नाही. तेवढ्यात मागे फट्ट असा आवाज झाला. इशितानं पोटरीवरचा डास मारला होता. मारला, वाकून चांगलं दोनदा खाजवलं, वर बघून गिरिजा बाईंकडे पाहून जीभ चावली. आणि कडेला उभ्या गिरिजा बाई, ज्या डोळ्यांनी माणूस जाळतात त्या गिरिजा बाई, ओठ दाबून हसल्या. हे सगळं संघप्रियानं मान न वळवता, डोळ्यांच्या कोपऱ्यातून, सावल्यांवरून आणि आवाजावरून टिपलं, उरलेलं ओळखलं. हेवा असा उसळला की त्याच्यापुढे मुंग्या कुठल्या कुठे गेल्या. हिनं खाजवलं! सगळ्यांसमोर! आणि मी इथं आठवडेच्या आठवडे झगडून न हलायला शिकले, ते कुणासाठी? पाहुणे थांबले. टाळ्या झाल्या. संघप्रियाच्या छातीत जे काही होतं ते सगळं एका आवाजात बाहेर पडलं, “परेड! विश्राम!” आणि कावळे उडाले.

नंतर पेढे वाटताना इशिता धावत आली, तोंडात पेढा, हातात पेढा. “संघू, काय आवाज लावलास! मी ना, रोज गणपतीला सांगत होते, संघूला हलू दे, संघूला हलू दे. मेली हललीच नाहीस!” आणि खो खो हसली. तिनं हेवासुद्धा मोज्यांसारखाच काढून सोफ्यावर टाकला होता. मग संघप्रियानं जे केलं ते ठरवून केलं नव्हतं. “मला खाज सुटायची,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज काही हळू बोलण्यासाठी घडलेला नव्हता, “मागे. म्हणून हलायचे. साबण जास्त लावायचे, त्यानं.” आसपासच्या मुली गप्प झाल्या. एक जरा मागे सरकली, अगदी जरा. ती चुप्पी संघप्रियाच्या ओळखीची होती, आईच्या गोष्टीतून. तिनं ती भरून काढली नाही, हसून घेतलं नाही, तशीच उभी राहिली. इशितानं पेढा गिळला. “अय्या! साबणानं होतं? मग मी आता आईला सांगते, मी न्हातच नाही!” मुली हसल्या, सरकलेली मुलगीही हसली. पण त्यांच्यामागे आई उभी होती. पदर तोंडाशी धरून. तिनं ऐकलं होतं.

घरी जाताना आई पुढे, संघप्रिया मागे. खारीच्या बाजूच्या कच्च्या वाटेनं, जिथं अजून इमारती झाल्या नव्हत्या आणि वाळत घातलेल्या मासळीचा वास होता. आईनं नाकाला पदर लावला नाही. बरंच चालल्यावर ती न वळता म्हणाली, “आता न्हाई सुटत?”

“सुटते. कमी.”

“साऱ्या जगाला सांगायचं काय नडलं व्हतं?”

आई थांबली. चपलेतला खडा काढायला म्हणून थांबली आणि खडा काढून झाल्यावरही वाकलेलीच राहिली. “मलाबी व्हतं ते,” ती जमिनीला म्हणाली.

“काय?”

“तेच. तू झाली नव्हतीस तवापासनं.”

संघप्रियाच्या डोळ्यांपुढून आई झरझर गेली. जेवताना सगळ्यांना वाढून उभ्यानंच जेवणारी आई, विहारात प्रवचन चालू असताना मागं जाऊन भिंतीला टेकणारी आई, शेजारणी खाटेवर बस म्हणाल्या तरी चौकटीला हात लावून उभीच असलेली आई. कामाची बाई, बसत नाही कधी, असं सगळे कौतुकानं म्हणायचे. तीही म्हणायची. “आणि तू कुणालाच नाही सांगितलंस?”

“कुणाला सांगू? तुझ्या बापाला? आयला सांगितलं तर ती म्हणली घास.” आई सरळ झाली. “तुझं बरं हाय. गेलीस, बोललीस, मोकळी झालीस.”

ते बोलणं रागाचं नव्हतं, कौतुकाचंही नव्हतं. त्यात एक बारीक, टोकदार काहीतरी होतं, आणि संघप्रियानं ते ताबडतोब ओळखलं, इतकं सरावाचं होतं ते. असंच ती स्वतः इशिताकडे बघायची. आई तिच्याकडे तसं बघत होती. कुणी आपला हेवा करावा हे तिला किती हवं होतं, आणि आता तो मिळाला होता आणि धरवत नव्हता.

“संध्याकाळी उघडतो दवाखाना,” ती म्हणाली. “मी येते बरोबर.”

“मला कुठं परेडला उभं राह्यचंय,” आई म्हणाली आणि चालायला लागली. भराभर, पुढे पुढे, निळीचं लुगडं उन्हात डोळे दिपवत. संघप्रिया मागून चालत राहिली. हाक मारली असती तर खारीतल्या कोंबड्या उठल्या असत्या, पण तिनं मारली नाही. वळणावर आईची पावलं हळू झाली. तिनं मान अर्धी वळवली, संघप्रियाकडे नाही, शेजारच्या भिंतीकडे.

“नंबर लावावा लागतो का तिथं?” तिनं विचारलं.